एकतीस जणांचं एक बोट

मिनल : हलू नका काका. परत चौकोन लाल झाला.

उद्धवराव : मी कुठं हललो? बस हलली.

मिनल : कंपनीची बस अर्धा तास झाला मोशीतच उभी आहे.

उद्धवराव : मग मुंडकं हललं असंल. माणसाचं मुंडकं हाय, खिळा ठोकून थोडंच बसवलंय.

फोन : कृपया आपला चेहरा चौकोनात ठेवा. प्रश्न नऊ. आपण यंत्राच्या पडद्यावरील सूचना कोणाच्याही मदतीशिवाय वाचू शकता काय? एक, होय. दोन, मदत घेऊन. तीन, नाही.

उद्धवराव : दोन.

मिनल : बोलू नका ना. तुम्ही नुसतं समोर बघायचं. मी खालून दाबते. होय दाबलं.

उद्धवराव : माझं दोन होतं. मदत घेऊन.

मिनल : मदत घेऊन म्हणजे नाहीच. सिस्टीममध्ये दोन्हीला शून्य.

उद्धवराव : मग दोन ठेवलं कशाला?

मिनल : माणसाला बरं वाटावं म्हणून. इअरफोन नीट बसवा कानात, वायर ओढली जातेय माझी.

उद्धवराव : एक बूच तुझ्या कानात, एक माझ्या. पुढचे लोक काय म्हणत असतील?

मिनल : म्हणू द्या. सगळ्यांनी आपापला फोन हातात धरलाय आणि मान मागं वळवून तुमच्याकडेच बघतायत.

फोन : प्रश्न दहा. मागील एक वर्षात आपण दर तासाची उत्पादन नोंद टॅबवर स्वतः—

मिनल : होय.

उद्धवराव : त्याचं ऐकून तरी घे पुरतं.

मिनल : पाठ आहे मला. तीन वर्षं मीच भरतेय, तुमचं, भैरूकाकांचं, भीमराजदादांचं, सगळ्या लाइन चारचं. तुम्ही वहीत लिहायचं, मी वही बघून टॅबवर टाकायचं. प्रत्येकाच्या नावानं.

उद्धवराव : काय हाय ग माझा लॉगिन?

मिनल : तुमच्या गावाचं नाव आणि एकशे एक.

उद्धवराव : एकशे एक का?

मिनल : शंभर कोणीतरी घेतलं होतं. तुमच्याच गावचे अजून एक आहेत लाइनवर.

उद्धवराव : आस्सं. म्हणजे गावचा दुसरा लॉगिन हाय मी.

फोन : प्रश्न अकरा. बिघाडाची सूचना पडद्यावर आल्यास आपण—

मिनल : होय.

उद्धवराव : मिनल, एक सांग. हे सगळं होय होय दाबून झालं, पास झालो. मग सोमवारी काय?

मिनल : सोमवारी नवी लाइन.

उद्धवराव : आन नापास झालो तर?

मिनल : तर यार्ड. ठेकेदाराच्या हाताखाली मालाचे लाकडी पॅलेट लावायचे. माहितीये तुम्हाला.

उद्धवराव : यार्डात गेलेला माणूस शेडमध्ये परत आलेला बघितलास कधी?

मिनल : नाही.

उद्धवराव : मी बी न्हाई. उन्हात पॅलेट उचलायचे आन सहा महिन्यांत सोताहून राजीनामा लिहायचा. तीन वर्षं राहिलेत माझ्या रिटायरमेंटला.

मिनल : म्हणून तर म्हणतेय, समोर बघा. सात वाजता लिंक बंद होते. आत्ता सहा वीस झालेत.

उद्धवराव : आन भैरू?

मिनल : भैरूकाकांचं काय?

उद्धवराव : पहिल्या बॅचला त्यानं अशीच परीक्षा दिली. पोरानं भरून दिली त्याची. चौथ्या दिवशी नव्या लाइनीवर चुकीचं बटण दाबलं, टूल जाऊन गरगर फिरणाऱ्या चकवर आदळलं. तुकडा कानाजवळून गेला. बोटं वाचली ती नशिबानं. आता चौकशी लागलीया आन घरी बसलाय.

मिनल : तुमचं तसं होणार नाही.

उद्धवराव : का न्हाई होणार?

मिनल : मी असेन ना तिथं.

उद्धवराव : असशील?

मिनल : समोर बघा, काका.

फोन : आपले सत्र संपले आहे. कृपया पुन्हा प्रवेश करा.

उद्धवराव : आता काय म्हणायलाय हा?

मिनल : नेटवर्क गेलं. पहिल्यापासून भरावं लागणार.

उद्धवराव : अकरा होय गेले?

मिनल : अकरा होय गेले.

उद्धवराव : हलकं वाटायलंय.

मिनल : चेष्टा करू नका. पुढं कंटेनर आडवा झालाय म्हणे, सगळे इथंच अडकलेत आणि सगळेच फोन काढून बसलेत. थांबा, रेंज येऊ दे.

उद्धवराव : कॅन्टीनमधला तो बोर्ड अजून हाय ना? झेंड्यांचा?

मिनल : आहे. "विकसनशील देशांतील आमचे प्रकल्प : डिजिटल तयारी." भारत एक्क्याण्णव. मेक्सिको एकोणसत्तर. मोरोक्को अठ्ठावन्न. व्हिएतनाम सत्तेचाळीस.

उद्धवराव : त्या दिवशी जिलेबी वाटली. मी दोनदा घेतली. तीन नंबर लाइनीचा एक जण म्हणला, आपला देश लई पुढं गेला उद्धवराव. म्हणलं, गेला असंल बाबा, आमाला उतरवून गेला.

मिनल : मी नाही खाल्ली जिलेबी.

उद्धवराव : का ग?

मिनल : चार देशांचा तक्ता होता, काका. त्यात भारताच्या, म्हणजे आपल्या चाकणच्या रकान्यात जे आकडे होते, ते सगळे माझ्या ह्या एका बोटाचे. एकतीस जणांची नोंद, रोज, वेळेवर, एक चूक नाही. कशी असेल चूक? सगळं एकच माणूस टाकतंय. तिकडं परदेशात मुख्य ऑफिसात बसलेल्यांना वाटलं, चाकणचे ऑपरेटर काय तयार आहेत. चार देशांतला आपला देश म्हणजे मी एकटी होते.

उद्धवराव : बाकीच्या लाइनी होत्या की.

मिनल : बाकीच्या लाइनींना पण एकेक मिनल आहे. लाइन दोनचं स्वरूपा भरते. तिच्याकडं चाळीस आहेत.

उद्धवराव : म्हणजे देश दोन-चार पोरींनी चालवलाय.

मिनल : आणि त्याचं बक्षीस सांगू? त्या बोर्डाचं सर्वेक्षण कशासाठी होतं माहितीये? ज्यांना येत नाही त्यांना शिकवायचं, म्हणून होतं. सहा महिन्यांसाठी शिकवणारा माणूस, सरावाचं मशीन, सगळं मिळणार होतं. ज्याचे गुण कमी त्याला आधी.

उद्धवराव : कुणाला मिळालं?

मिनल : व्हिएतनामला. सत्तेचाळीसवाल्यांना. त्यांच्याकडं प्रत्येक माणसाला वेगळं बसवलं आणि ज्याला जे येत नाही ते त्यानं "येत नाही" लिहिलं. आपल्याला फक्त बोर्ड मिळाला.

उद्धवराव : आन जिलेबी.

मिनल : आणि जिलेबी.

उद्धवराव : आपला हुंग त्यांच्यातलाच ना?

मिनल : तो तीन आठवडे तुमच्या मशीनवर होता तो? हो, तिथलाच.

उद्धवराव : लई गुणी पोरगा. भाषा कळत न्हाई, हाताच्या खुणा. त्याच्या फोनात भाषांतर करायचं होतं, पण ते काहीबाही बोलायचं. मी म्हणलं बेअरिंग तापलंय, तर तिकडून आलं म्हणे, अस्वल रागावलंय. हसून हसून आमाला ठसका लागला. ठेचा दिला त्याला, डोळ्यातून पाणी काढत खाल्ला आन दुसऱ्या दिवशी आणखी मागितला.

मिनल : तुम्ही त्याला स्क्रू ड्रायव्हर कानाला लावायला शिकवलं होतं.

उद्धवराव : मग. टोक बेअरिंगच्या घरावर ठेवायचं, मूठ कानाला. मशीन सांगतंय तुमाला, कुठं दुखायलंय ते. एकोणीस वर्षांत मी एकदा बी बेअरिंग जळू दिलं न्हाई. वहीत लिहिलंय सगळं, कुठलं मशीन थंडीत कसं वागतं, पावसाळ्यात कसं.

मिनल : आली रेंज. बसा सरळ.

फोन : डिजिटल तयारी परीक्षेत आपले स्वागत आहे. प्रश्न एक. आपल्याकडे स्मार्टफोन आहे काय?

उद्धवराव : हे खरं होय. दाब.

फोन : प्रश्न दोन. आपण व्हिडिओ कॉल करू शकता काय?

उद्धवराव : रोज करतो. नातीला. तिच्या आईनं उचललं न्हाई की तिच्या मामाला लावतो, त्याला ग्रुपमध्ये घेतो आन मग सगळ्यांनाच जोडतो.

मिनल : ग्रुप कॉल येतो तुम्हाला?

उद्धवराव : येतंय की.

फोन : प्रश्न तीन. आपण शासकीय सेवा मोबाईलवर वापरल्या आहेत काय?

उद्धवराव : सातबारा काढतो. माझा, भावाचा. टपरीवरच्या दोघा-तिघांना काढून दिला. एसटीचं तिकीट बी फोनवरच काढतो, दिवाळीत स्टँडवर उभं कोण राहणार?

मिनल : थांबा. सातबारा तुम्ही स्वतः काढता? मला कधी जमला नाही तो.

उद्धवराव : अवघड काय त्यात. गट नंबर ठाव पाहिजे.

मिनल : काका, गेल्या तीन वर्षांत किती वेळा मी तुम्हाला म्हटलं, टॅब घ्या हातात, दाखवते. तुम्ही म्हणायचात, आपल्या जाड्या बोटाला ते जमत न्हाई.

उद्धवराव : जाडंच हाय की बोट.

मिनल : सातबारा काढताना बारीक होतं?

उद्धवराव : पुढचा प्रश्न आला बघ.

मिनल : काका.

उद्धवराव : वेळ जायलीय मिनल. दाब.

फोन : प्रश्न चार.

मिनल : होय.

फोन : प्रश्न पाच.

मिनल : होय.

फोन : प्रश्न स—

मिनल : होय.

उद्धवराव : तुझा फोन थरथरायलाय मांडीवर.

मिनल : ग्रुप आहे. लाइन चार. भीमराजदादा विचारतायत, उद्धवराव काय भरतात ते सांगा, आम्ही तेच भरतो. खाली अठरा जणांनी अंगठा टाकलाय.

उद्धवराव : बस एवढी पुढं गेली न्हाई जेवढी ही माणसं माझ्या मागं निघालीत.

मिनल : भैरूकाकांचा आवाज आलाय एक. लावू?

उद्धवराव : लाव.

भैरू : उद्धवराव, मी भैरू. घरूनच बोलतोय. मला कुणी विचारलं न्हाई, तरी बी सांगतो. पास झाल्याचा कागद आला तवा बायकोनं देवापुढं ठेवला. त्या लाइनीवर उभा राहिलो तर पडद्यावर काहीतरी लाल लाल आलं, मागं वळून बघितलं, कुणीच न्हाई. शंभर फुटांत माणूस न्हाई. कुणाला इचारावं? म्हणून दाबलं. बस, एवढंच. तुमी शहाणे हाव.

उद्धवराव : बंद कर.

मिनल : संपलं.

उद्धवराव : किती वाजले?

मिनल : सहा पस्तीस. बोलता बोलता तेरा दाबून झाले. सात राहिले. आता व्हिडिओचा प्रश्न आहे, बघावा लागेल तुम्हाला, डोळे फिरले नाहीत तर तो पुढं जात नाही.

फोन : प्रश्न चौदा. खालील चित्रफीत काळजीपूर्वक पाहा. यंत्र सुरू करण्यापूर्वी कामगाराने केलेली कृती, एक, आवश्यक. दोन, अनावश्यक.

उद्धवराव : हा कोण?

मिनल : कोणीतरी आहे. टोपी आणि गॉगल घातलाय, ओळखू येत नाही. मागं बोर्डावरची भाषा बघा, तिकडचाच आहे, व्हिएतनामचा.

उद्धवराव : परत लाव.

मिनल : काका, वेळ—

उद्धवराव : परत लाव म्हणलं ना.

फोन : यंत्र सुरू करण्यापूर्वी कामगाराने केलेली—

उद्धवराव : हात बघ त्याचा. खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. टोक बेअरिंगवर. मूठ कानाला. आन डोळे मिटलेत बघ. डोळे मिटायचं मी सांगितलं होतं त्याला. डोळे उघडे असले की कान आळशी होतो.

मिनल : हुंग आहे?

उद्धवराव : हुंगच हाय.

मिनल : त्यांच्या मासिकात फोटो होता त्याचा, लाइन लीडर झालाय. सहा महिने शिकला तो. मग त्यानंच ह्या फिती केल्या असतील, सगळ्या देशांना दाखवायला.

उद्धवराव : बरोबर उत्तर काय हाय ह्याचं?

मिनल : जाऊ दे ना. मी दाबते.

उद्धवराव : काय हाय?

मिनल : दोन.

उद्धवराव : अनावश्यक.

मिनल : नव्या मशीनला सेन्सर आहे, काका. बेअरिंगमध्येच बसवलेला. तापलं, थरथरलं, लगेच पडद्यावर येतं. माणसानं ऐकायची गरज नाही. वेळ जातो म्हणून ते चूक धरतात.

उद्धवराव : म्हणजे त्या पोरानं आधी माझं करून दाखवलं आन मग सांगितलं, असं करू नका.

मिनल : त्याला सांगितलं असेल तसं करायला.

उद्धवराव : हो. त्याचा काय दोष. त्यानं डोळे मिटले तेवढं तरी नीट मिटले.

मिनल : दाबू का?

उद्धवराव : नको.

मिनल : एका प्रश्नानं काही होत नाही, मशीनच्या प्रश्नांना गुण जास्त असले तरी पास व्हायला शंभरपैकी साठच लागतात, पण आपण कशाला—

उद्धवराव : नको म्हणलं. फोन दे इकडं.

(त्यांनी कानातलं बूच आणि फोनमधली वायर काढून तिच्या ओंजळीत ठेवली. पुढच्या सीटवरून भीमराज अर्धा उठला होता, उद्धवरावांचा चेहरा बघून परत बसला.)

मिनल : काका, काय झालं?

उद्धवराव : तू मघाशी इचारलंस ना, सातबारा येतो तर टॅब का येत न्हाई.

मिनल : हो.

उद्धवराव : येत न्हाई हे खरंच हाय. पण आठ दिवसांचं काम होतं ते. बसलो असतो तर आलं असतं. मला, भैरूला, सगळ्यांना.

मिनल : मग बसला का नाहीत?

उद्धवराव : तू लागलीस त्या महिन्यातली गोष्ट. साहेब लाइनीवर आले. म्हणले, ही पोस्ट तात्पुरती हाय, ऑपरेटर सोताहून भरायला लागले की बंद. तू तितंच हुबी होतीस, टॅब छातीशी धरून. ऐकलंस का न्हाई, ठाव न्हाई.

मिनल : ऐकलं होतं.

उद्धवराव : मग सुट्टीत टपरीवर विषय निघाला. भैरू म्हणला, पिंपरीतली तिच्या बापाची कंपनी बंद पडलीया, घरात ती एकटीच कमवायलीय. भीमराज म्हणला, मी ओळखतो त्यांना, संत तुकाराम नगरमध्ये, माणूस घराबाहेर निघत न्हाई आता. मग कुणीतरी म्हणलं, आपण शिकलो की पोरगी गेली. तितंच ठरलं.

मिनल : काय ठरलं?

उद्धवराव : कुणी शिकायचं न्हाई.

मिनल : एकतीस जणांनी?

उद्धवराव : तिसांनी. एक नवा आयटीआयवाला होता, त्याला येत होतं. त्याला म्हणलं, विसर.

मिनल : हसवू नका.

उद्धवराव : मी कुठं हसायलोय. तो खरंच विसरला, इमानदार पोरगा. आता त्याला बी लिंक आलीया.

मिनल : मला वाटायचं, तुम्हाला जमत नाही. मी घरी सांगायचे पप्पांना. म्हणायचे, माझ्या लाइनवरच्या काकांना टॅबची भीती वाटते, मी गुपचूप भरते, कुणाला कळू देत नाही. कळलं तर त्यांना काढतील. पप्पा म्हणायचे, आमच्या स्टोअरला संगणक आला तेव्हा आम्हाला असं कोणी भेटलं असतं तर.

उद्धवराव : आमी बी आपापल्या घरी तसंच सांगायचो. तुझ्याबद्दल.

मिनल : तीन वर्षं.

उद्धवराव : तीन वर्षं. तू आमाला झाकायलीस, आमी तुला. आन वर बसलेल्यांना वाटलं, झाकण लई मजबूत हाय, आत माल भरलेलाच असंल.

मिनल : काका, एक सांगायचं राहिलंय.

उद्धवराव : बोल.

मिनल : मी सोमवारी नसेन तिथं. नव्या लाइनला नोंद करणारं कोणी लागत नाही. मशीन स्वतःच नोंद करतं. मला पत्र मिळालंय, तीस तारीख शेवटची, आणि सोमवारपासून जुन्या कागदांच्या खोलीत बसायचंय तोपर्यंत.

उद्धवराव : कवा मिळालं पत्र?

मिनल : मागच्या बुधवारी. स्वरूपाला पण.

उद्धवराव : आन तरी आज माझं भरायलीस.

मिनल : सवय.

उद्धवराव : घरी सांगितलंस?

मिनल : नाही अजून. पप्पा रोज सकाळी सव्वापाचला माझ्यासोबत कोपऱ्यापर्यंत येतात, मी बसमध्ये बसले की हात करतात. त्यांचं तेवढंच बाहेर निघणं होतं.

उद्धवराव : हं.

मिनल : सहा त्रेचाळीस. बस हलली बघा.

उद्धवराव : ह्याच्यात मागं जाता येतं का? आधीच्या प्रश्नांना?

मिनल : येतं. डावीकडं बाण आहे. कशाला?

उद्धवराव : हा?

मिनल : काका, तुम्ही काय करताय? ते बदललं की गुण जातील. यार्ड, काका.

उद्धवराव : यार्डात पॅलेट डोक्यात पडला तर कुणाच्या नावानं होय दाबलेलं नसंल. नव्या लाइनीवर मागं वळून बघितलं तर तू नसशील. भैरूनं सांगितलंय ते.

मिनल : तीन वर्षांचा प्रश्न आहे फक्त. कसंतरी निघालं असतं.

उद्धवराव : तीन वर्षं कसंतरीच काढली की. आधीचे आठ फोनचे, ते खरे हायत. हा नऊ नंबर. सूचना मदतीशिवाय वाचता काय. तीन, नाही. काहीच होईना, बोट लागत न्हाई बघ.

मिनल : जोरात दाबताय तुम्ही. मशीनचं बटण नाहीये ते.

उद्धवराव : दहा. दर तासाची नोंद स्वतः. नाही. अकरा. नाही. बारा, तेरा बी नाही.

मिनल : मी बघत नाही.

उद्धवराव : नको बघू. खिडकीबाहेर बघ.

फोन : प्रश्न चौदा. यंत्र सुरू करण्यापूर्वी कामगाराने केलेली कृती—

उद्धवराव : एक. आवश्यक.

फोन : प्रश्न पंधरा.

उद्धवराव : हे मला कळतच न्हाई काय इचारायलाय. कळत न्हाई असं कुठं लिहू?

मिनल : तसा पर्याय नाहीये.

उद्धवराव : मग नाही. पुढचे चारी बी तसेच, नाही.

फोन : प्रश्न वीस. ही परीक्षा आपण कोणाच्याही मदतीशिवाय दिली आहे काय?

उद्धवराव : ह्याचं काय करायचं? अर्धी तुझी, अर्धी माझी.

मिनल : मदत घेऊन. दोन.

उद्धवराव : दोनला शून्य ना?

मिनल : शून्य.

उद्धवराव : असू दे. खरं हाय ते.

फोन : आपली परीक्षा पूर्ण झाली. गुण, शंभरपैकी चौतीस. डिजिटल तयारी, अपुरी. सहभागाबद्दल धन्यवाद.

उद्धवराव : चौतीस. व्हिएतनामच्या सत्तेचाळीसला बी पोचलो न्हाई.

मिनल : त्या सर्वेक्षणात हेच चौतीस लिहिले असते, तर तो शिकवणारा माणूस चाकणला आला असता, काका. सरावाचं मशीन आलं असतं.

उद्धवराव : आन आता?

मिनल : आता शिकवायचं बंद झालंय. आता फक्त मोजतात.

उद्धवराव : भीमराज परत बघायलाय मागं.

मिनल : अजून वाट बघतायत सगळे. दहा मिनिटं आहेत लिंकला. काय सांगू ग्रुपवर? तुम्ही बोला, मी रेकॉर्ड करते.

उद्धवराव : बोलत न्हाई. लिहितो. आवाज पाठवला की सगळे माझ्या आवाजाच्या मागं येतात.

मिनल : लिहा मग.

उद्धवराव : घे. गेला बघ.

मिनल : "मी माझं खरं भरलं. चौतीस आले. तुमचं तुम्ही भरा. कुणाचं बघू नका. उद्धव."

उद्धवराव : बरोबर हाय?

मिनल : बरोबर आहे. कोणी अंगठा टाकला नाही अजून.

उद्धवराव : वाचत असतील.

मिनल : वाचलंय सगळ्यांनी. दिसतं इथं. भीमराजदादांनी मान खाली घातलीय. फोनवर काहीतरी करतायत.

उद्धवराव : काय करायलाय?

मिनल : इथून दिसत नाही. होय पण असू शकतं.

उद्धवराव : असू दे. त्याची पोरगी कॉलेजात हाय. त्यानं त्याचं बघावं.

मिनल : तुम्हाला राग नाही आला माझा?

उद्धवराव : कशाचा?

मिनल : मी तुम्हाला शिकवलं नाही म्हणून. खरं सांगू? मला पण माहीत होतं, तुम्ही शिकलात की मी जाणार. मी म्हणायचे टॅब घ्या, टॅब घ्या. पण तुम्ही नाही म्हटलं की बरं वाटायचं.

उद्धवराव : ठाव हाय.

मिनल : कसं?

उद्धवराव : एकदाच म्हणायचीस. दुसऱ्यांदा आग्रह केला न्हाईस कधी. ठेचा देताना माणूस तीनदा म्हणतो.

मिनल : कुरुळी आली वाटतं.

उद्धवराव : आलीच. गेट किती राहिलं?

मिनल : ही गर्दी बघता पंधरा-वीस मिनिटं.

उद्धवराव : तुझ्या पिशवीत टॅब हाय ना लाइनीचा?

मिनल : आहे. आज परत करायचाय. का?

उद्धवराव : काढ.

मिनल : आता? परीक्षा संपली काका. आता कोणी विचारणार नाही तुम्हाला.

उद्धवराव : न्हाई इचारू दे. काढ तर. कुठून सुरू होतं ते दाखव.

मिनल : हे बघा. इथं तुमचं नाव. इथं गावाचं नाव आणि एकशे एक.

उद्धवराव : मीच टाकतो.

मिनल : टाका. असं नाही, जोर लावू नका. नुसतं टेकवा बोट.